पाळी कुठली तुमची?

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी गेली बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. समोरचा कितीही रडून सांगो, स्लाइडवर दिसल्याशिवाय मी 'आहे' म्हणत नाही. घरचं वळणही तसंच. आमच्याकडे देव्हारा नाही. बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्यावर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. मी तिसरीत असताना बाबांनी त्या पाठ करून घेतल्या होत्या. आजूबाजूला कुणाच्या अंगात आलं की बाबा दार लावून घ्यायचे आणि रेडिओ मोठा करायचे. त्यामुळे इथे लोक लिहितात ते अमावास्येचे आणि पिंपळाचे किस्से मी आजवर जेवताना, हसायला म्हणून वाचत आलेय. रागावू नका, खरं ते सांगितलं.

पण खाली जे लिहितेय ते कुठल्या खणात ठेवावं ते मला आजही कळत नाही. आणि ते नुसतं भुताचं असतं ना, तर मी लिहिलंही नसतं...

आमचं घर परळला, मिलच्या मागच्या गल्लीतल्या तीन मजली चाळीत. वरच्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी खोली. पुढे दहा बाय बाराची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. बाबा मिलमध्ये रिंग खात्यात होते, म्हणजे सूत काढायच्या मशीनवर. आई-बाबा गेल्यावर खोली माझ्याकडे आली, कारण मी एकुलती एक. मी, नवरा मिलिंद आणि मुलगी प्रज्ञा असे आम्ही तिघं तिथे राहायचो. टाइल्स बसवल्या, आत टॉयलेट करून घेतलं, एसी लावला. चाळ पाडून टॉवर होणार अशी बोलणी तेव्हा सुरू झाली होती.

शेजारच्या खोलीत भिकाजीमामा. माझ्या आईच्या गावचे, खेडच्या बाजूचे, म्हणून मामा. वय अठ्ठ्याहत्तर. बाबांच्याच मिलमध्ये, बाबांच्याच खात्यात होते. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुमनताई लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत. मामा एकटेच. दिवसभर पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन घालून गॅलरीत स्टुलावर बसलेले असायचे. आमच्या घराची दुसरी चावी त्यांच्याकडे असायची, माझ्या आईच्या वेळेपासून. गॅस बंद करायचा राहिला, पार्सल आलं, की "मामा, जरा बघा हो" एवढं म्हटलं की काम झालं.

आता मूळ गोष्ट. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. प्रज्ञाने फेसबुकवर एक ग्रुप शोधून काढला होता. सुट्टीत घरांची अदलाबदल! आठवडाभर तुम्ही आमच्या घरात राहा, आम्ही तुमच्या घरात. भाडंबिडं काही नाही. मी म्हटलं, "आपल्या चाळीत कोण मरायला येणार?" तिने तरी फोटो टाकले. एसी दिसेल असे, आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्या दिसणार नाहीत असे. चार दिवसांत आंबोलीहून उत्तर आलं. देसाई नावाचं जोडपं, दोघंही शाळेत शिक्षक. सरांना म्युझियम, राणीचा बाग, फोर्टातल्या जुन्या इमारती असं सगळं निवांत बघायचं होतं. आणि त्यांच्या घरामागे म्हणे थेट जंगल. प्रज्ञा नाचायलाच लागली.

मी मात्र जात्याच संशयी. फोनवर देसाईबाईंनी "आडनाव काय म्हणालात?" असं विचारलं. मी सांगितलं, आणि पलीकडे दोन सेकंद शांतता झाली. झालं... ती दोन सेकंदं मी आठवडाभर चघळत बसले. मिलिंद म्हणाला, "अगं, नेटवर्क असेल!" (आंबोलीचं नेटवर्क तसंच आहे, हे नंतर कळलं.) निघण्याआधी कपाटाला कुलूप लावलं, घरभर फोटो काढून ठेवले, चमचेसुद्धा मोजले. देसाई सकाळच्या गाडीने आले. एकत्र चहा झाला. देसाईबाई पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याने बेजार, बोलायला मोकळ्या. पण चहा पिताना भिंतीवरच्या फोटोंकडे त्या बराच वेळ बघत होत्या, तेही मी मनात नोंदवून ठेवलं. मामांची ओळख करून दिली. "काही लागलं तर यांना हाक मारा, चावी यांच्याकडेही असते," असं मीच माझ्या तोंडाने सांगितलं आणि आम्ही आंबोलीला निघालो.

पहिले दोन दिवस छान गेले. फोन लागायचा तो फक्त फाटकाजवळच्या दगडावर उभं राहिलं की. सोमवारी संध्याकाळी त्या दगडावर मला देसाईबाईंचा फोन आला. आवाज चढलेला, रागावलेला.

"शैलाताई, एक विचारते. तुमच्याकडची माणसं अशी न विचारता घरात शिरतात?"

"कोण शिरलं?"

"सर बाहेर गेले होते. मी गुडघ्याला तेल लावून खाली चटई टाकली, ओढणी तोंडावर घेतली आणि पडले. पावणेचार वाजले असतील. जवळ कोणतरी उभं आहे असं वाटलं. डोळे उघडले तर उशाशी माणूस! लेंगा, शर्ट, काखेत डबा. डोक्यावर सगळं पांढरं. आणि मला विचारतो..."

"काय विचारतो?"

"कसं सांगू तुम्हाला... 'अहो, पाळी कुठली तुमची?' असं."

मला आधी नीट ऐकू आलं असं वाटेना. "काय?"

"पाळी! मी ओरडणार तर पुढे काय म्हणतो माहितीये? 'पाळी संपली असेल तर पडू का जरा?' शी! ह्या वयात माका पाळी इचारता मेलो!" रागाच्या भरात त्यांची मालवणी बाहेर पडली. "माझी जाऊन पाच वर्षं झाली. आणि 'पडू का' म्हणतो! मी किंचाळले तसा मागे सरला. उठून दाराबाहेर आले तर गॅलरीत दुसरं कोणी नाही. तुमचे ते मामा तेवढे स्टुलावर बसलेले."

दार आतून लोटलेलं होतं, लॅच लागलेलं होतं. म्हणजे चावीशिवाय बाहेरून उघडणं शक्य नाही. आणि चावी कुणाकडे, ते मीच सांगून आले होते.

मिलिंद म्हणाला, "शक्य नाही. मामा? शक्यच नाही." मी म्हटलं, "लेंगा, पांढरे केस, चावी. अजून काय पाहिजे तुला?" खरं सांगू? त्याआधी तासभर मी देसाईबाईंवरच संशय घेत होते. ह्यांना कळलं असेल आपण कुणाच्या घरात राहतोय, आता निघून जायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून हे कुभांड. पण पंचावन्न वर्षांची शिक्षिका स्वतःविषयी असलं निमित्त काढणार नाही, एवढं मला कळत होतं. मग संशय फिरला तो सरळ मामांवर जाऊन बसला. म्हातारपणी काही माणसांचं डोकं फिरतं, तोल सुटतो, असं लॅबमध्ये रोज कुणा ना कुणाचे नातेवाईक सांगत असतात.

मी मामांना फोन लावला. त्यांचा बटणांचा छोटा फोन. कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते तो स्पीकरवर ठेवायचे आणि गॅलरीत बसून बोलायचे. सगळा मजला ऐकायचा. हे मला माहीत होतं, तरी मी लावला.

"काय गो बाय, गंमत हाय ना तिकडं?"

"मामा, तुम्ही आज आमच्या घरात गेला होतात?"

"नाय गो. कशाला जाऊ? पाव्हणी हायत ना घरात."

"चावी कुठे आहे?"

"खिळ्याला हाय. ही काय, समोर."

"मग बाईंशी वाईट कोण बोललं?"

"वाईट? काय बोललं?"

आता इथे मी अडकले. ज्या माणसाने लहानपणी मला खांद्यावर घेऊन दादरला चैत्यभूमीवर नेलं, त्याच्यापुढे तो शब्द काढायला माझी जीभ रेटेना. लॅबमध्ये दिवसाला वीस बायकांना मी तोच प्रश्न विचारते, 'पाळी कधी आली होती?' पण मामांसमोर नाही.

"ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका मामा. तुम्हाला माहितीये तुम्ही काय बोललात."

"बाय, मी काय बी..."

"चावी बाईंच्या हातात द्या. आत्ता लगेच."

मग मामा म्हणाले, "बरं."

तेवढंच. वाद घातला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, बघा, गुन्हा कबूल.

मंगळवार शांत गेला. बुधवारी संध्याकाळी परत फोन. ह्या वेळी देसाईबाई रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. सर फोर्टात गेलेले. लॅच लावलेलं, वरची कडीही आतून घातलेली, दोन्ही चाव्या बाईंच्या पर्समध्ये. पावणेचारला तोच माणूस, तोच प्रश्न. "पण शैलाताई, ह्या वेळी मी नीट बघितलं. म्हातारा नाही हो तो. तिशीतला असेल, फार तर पस्तिशी. केस काळे आहेत. वरती पांढरं दिसतं तो कापूस. बारीक बारीक, भुवयांवरसुद्धा. आणि वाईट नजर नाही हो. फार दमलेला दिसतो."

मिलिंदचं मत पडलं, बिल्डरची माणसं. टॉवरसाठी आपण सह्या देत नाही म्हणून घाबरवतायत. मला ते पटेना. मला अजूनही मामाच दिसत होते. एकदा कुणावर संशय घेतला की तो मागे घ्यायला मला फार जड जातं, हा माझा स्वभावच आहे. म्हटलं, दुसरी चावी करून घेतली असेल. कडीचं काय, बाई विसरल्या असतील. मिलिंद आणि प्रज्ञाला तिथेच ठेवून मी एकटी निघाले आणि गुरुवारी सकाळी परळला हजर झाले.

वर आले तर मामांच्या दाराला कुलूप. पलीकडच्या मंदावहिनी भांडी घासत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मंगळवारी सकाळीच गेले. सुमनकडं. पिशवी भरली आणि गेले. तुझा फोन सगळ्यांनी ऐकला ना! चावी देऊन आले आणि दार लावून घेतलं. खालची पोरं हसत होती त्यांना."

आत देसाईबाईंनी मला पाणी दिलं, माझ्याच घरात. म्हणाल्या, "तुमचे मामा मंगळवारीच गेले. आणि हा काल, बुधवारी आला. मी उगाच त्या माणसाला..."

"अँटॉप हिल काय लांब आहे?" मी म्हटलं. "बसने अर्ध्या तासात येता येतं."

आज लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण बोलले मी असं, हे खरं.

मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. सरांना बाहेर पाठवलं. साडेतीनला लॅच लावलं, कडी घातली, दोनदा ओढून बघितली. पुढच्या खोलीत मी चटईवर आडवी झाले, ओढणी तोंडावर. देसाईबाई स्वयंपाकघराच्या पडद्याआड, हातात लाटणं. बाहेर लख्ख ऊन होतं. खालून बर्फाच्या गोळेवाल्याची घंटी ऐकू येत होती. अगदी रोजची दुपार.

पावणेचार झाले असतील. कडी वाजली नाही, दार वाजलं नाही. आधी वास आला. मशीनचं तेल, घाम आणि सुताचा तो कोंदट वास. हा वास मला माहीत आहे, असं मनात येतंय तोवर डोक्याशीच आवाज आला. दमलेला, खालच्या पट्टीतला, अगदी अदबीचा.

"अहो... पाळी कुठली तुमची?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरी."

मी ठरवून नाही बोलले. ते आपोआप आलं, आत कुठेतरी तीस वर्षं पडून असलेलं. त्या क्षणी मला कळलं. पाळी! पाळी म्हणजे पाळी! पहिली, दुसरी, तिसरी! सात ते साडेतीन पहिली, साडेतीन ते बारा दुसरी, बारा ते सात रात्रपाळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची ही खोली बाबांचं लग्न व्हायच्या आधी गावच्या बारा-चौदा माणसांची होती. सगळे एकदम मावणार कसे? तर पाळीप्रमाणे झोपायचे, म्हणजे झोपायचीही पाळीच. दुसऱ्या पाळीवाला उठून कामावर गेला की त्याच्याच चटईवर पहिल्या पाळीवाला येऊन पडायचा. आई आल्यावर माणसं पांगली, तरी मी लहान असताना गाववाले दोघं-तिघं असायचेच. त्यांचा डबा आई करायची. चाळीत कुणी कुणाला 'कसा आहेस' म्हणून विचारायचं नाही. 'पाळी कुठली?' हीच विचारपूस. मी दुपारच्या शाळेत होते. सुट्टीच्या दिवशी दुपारी चटईवर लोळत असले की त्यातला एक काका दारातून यायचा आणि मला चिडवायचा, "बायसाहेब, पाळी कुठली तुमची?" मी ओरडायचे, "दुसरी!" तो म्हणायचा, "मग उठा की, भोंगा झाला." कोण होता तो? मला आठवत नाही. सगळेच काका होते.

संप झाला तेव्हा मी दहा वर्षांची. काका एकेक करून ट्रंक उचलून गावी गेले, 'संप मिटला की येतो' म्हणून. कुणी परत आलं नाही. बाबांची मिलही पुढे धड चालली नाही. मग आमच्या घरात पाळी हा शब्दच बंद झाला. पुढे दोन-तीन वर्षांनी आईने तो पुन्हा उच्चारला तो मला मोरीत नेऊन, कानात, वेगळ्या अर्थाने. माझ्यासाठी मग तोच एक अर्थ उरला.

ओढणीखाली मी हे सगळं आठवत पडले होते. आवाज पुन्हा आला, "मग उठा की. माझी पहिली सुटली."

मी उठले. घाबरून नाही, अहो, खरंच जागा द्यायला उठले! ओढणी बाजूला केली. खोलीत कुणीच नाही. कडी तशीच घातलेली. मी पडद्याकडे बघितलं तर देसाईबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या चटईकडे बघत होत्या. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "श्श... झोपलो." मालवणीत 'झोपलो' म्हणजे 'तो झोपला'.

मला काहीही दिसत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. रिकामी चटई. पण मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून खाली बसलो. बाईंनी लाटणं हळूच जागेवर ठेवलं. कुजबुजून मला सांगत होत्या, भिंतीकडे तोंड केलंय, डावा हात उशाला घेतलाय, डबा पायाशी ठेवलाय. प्रेशर कुकर लावायचा होता, तो आम्ही लावला नाही. शिट्टी होईल म्हणून. पाचच्या पुढे कधीतरी बाई म्हणाल्या, "उठान गेलो."

चटईवर उशाच्या जागी कापसाचे चार-पाच तंतू होते. मी ते चिमटीने उचलून स्लाइडच्या डबीत ठेवले, सवयीने. नंतर लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितले. कापूस. नुसता कापूस. आमच्याच गादीतलाही असू शकेल.

शुक्रवारी सकाळी मी अँटॉप हिलला गेले. सुमनताईने दार उघडलं आणि 'ये' न म्हणता बाजूला झाली. मामा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. चार दिवसांत अर्धे झाले होते.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं.

मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं, आणि ह्या वेळी तो शब्दही उच्चारला.

मामांनी मान वळवली. "पाळी कुठली, असं विचारलान?"

"हो."

"आणि तुला ते घाण वाटलं."

मामा हळूहळू बोलत होते, आवाज चढवला नाही. "तुझी आय आम्हाला पाळी विचारून ताट वाढायची. तुझा बाप पाळी करून करून खोकत मेला. आणि तुला पाळी म्हटल्यावर आमचंच तोंड घाण दिसलं? फोनवर तो एक शब्द बोलली असतीस ना बाय, मी तिथंच सांगितलं असतं कोण आलाय ते."

"म्हणजे तुम्हाला माहितीये?"

"कुठं पडला? मोरीकडं, का भिंतीकडं?"

"भिंतीकडे तोंड करून. डावा हात उशाला. बाईंनी बघितलं."

मामांचे डोळे भरले. खिडकीबाहेर बघत ते स्वतःशीच म्हणाले, "अजून दमलेलाच हाय."

"कोण मामा? नाव काय त्यांचं?"

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्याने परत विचारलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"आलं ऐकू. नाव नाय सांगायचा मी. तुला नाव सांगितलं, तर उद्या त्याला पण विचारशील, चावी कुठनं आणलीस म्हणून."

मी रडले. सुमनताईच्या घरात, तिच्यासमोर. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "जा, पाव्हणी वाट बघतील," असंही म्हणाले. पण नाव सांगितलं नाही. आणि चाळीतही परत आले नाहीत. मी तीनदा न्यायला गेले. दर वेळी जेवायला थांबवायचे, गप्पा मारायचे, बाबांच्या आठवणी सांगायचे, त्या एका माणसाचं सोडून. दुसऱ्या वर्षी थंडीत ते सुमनताईकडेच वारले. नाव सुमनताईलाही माहीत नाही, मी विचारलं.

देसाईंबद्दल माझे सगळे तर्क खोटे निघाले. भिंतीवरच्या फोटोंकडे बाई बघत होत्या, कारण त्यात माझ्या आईचा फोटो होता आणि ती त्यांना त्यांच्या मावशीसारखी वाटली. उरलेले दोन दिवस त्या तिथेच राहिल्या. दुपारी साडेतीनला चटई अंथरून, पंखा लावून, सरांना घेऊन बाहेर पडायच्या ते सहाला परत यायच्या. सरांना कारण सांगितलं नाही म्हणे, नुसतं म्हणायच्या, "चला, चहा बाहेर घेऊ."

त्यानंतर चाळ पाडेपर्यंत आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. सुट्टीच्या दुपारी मी कितीदा तरी वाट बघितली. वास नाही, आवाज नाही. खेडला मामांच्या गावीही जाऊन आले. संपात मुंबईहून परत गेलेल्यांपैकी कोण आमच्या खोलीत होता, असं विचारत फिरले. जुनी माणसं म्हणाली, किती आले, किती गेले, कुणाकुणाची नावं सांगू?

तुम्ही म्हणाल, उकाडा होता, बाईंना भास झाला, आणि तुला तुझं लहानपण आठवलं. मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. पण आंबोलीच्या बाईंना आमच्या खोलीतल्या पाळ्या कशा माहीत असणार? त्यांना तर तो शब्द ऐकून शिसारी आली होती. जे त्यांना कळलंही नाही, त्याचा भास त्यांना कसा व्हावा? माझ्याकडे याचं उत्तर नाही. उत्तर एका माणसाकडे होतं, आणि ते मला द्यायचं नाही असं त्याने ठरवलं. मामांच्या जागी मी असते, तर मीही दिलं नसतं.